बुळकांडी गेली, मग लाळ्या-खुरकूत का जात नाही?

आज पंचविशी-तिशीत असलेल्या वाचकांपैकी फार थोड्यांनी ‘बुळकांडी’ हा शब्द ऐकला असेल. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. गावात बुळकांडी शिरली की गोठेच्या गोठे कसे रिकामे होत, हे ते सांगतील. सुरुवातीला जोराचा ताप, डोळ्यांतून व नाकातून पाणी, तोंडात फोड, मग दुर्गंधीयुक्त पातळ जुलाब आणि आठ-दहा दिवसांत जनावर आडवे. या रोगावर औषध नव्हते. आज मात्र जगाच्या पाठीवर कोठेही बुळकांडी नाही. देवी हा माणसाचा रोग १९८० मध्ये जगातून गेल्याचे जाहीर झाले, तसा २०११ मध्ये बुळकांडी हा जनावरांचा रोग गेल्याचे जाहीर झाले. माणसाने समूळ नष्ट केलेले रोग आजवर एवढे दोनच.

मग साहजिकच प्रश्न पडतो. एक रोग घालवता आला, तर लाळ्या-खुरकूत दर काही वर्षांनी परत का येतो? लम्पी एवढ्या वेगाने कसा पसरला? आणि आरोग्याच्या सदरात गुरांच्या रोगांची चर्चा कशाला, असेही कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. ज्या घरात गोठा आहे त्या घराचे दूध, शेती आणि हातात येणारा पैसा गोठ्यावर अवलंबून असतो. शिवाय गुरांचे काही रोग माणसालाही होतात. माणसाच्या गोवराचा विषाणू तर बुळकांडीच्या विषाणूचा जवळचा नातेवाईक असून, गुरे पाळू लागल्यानंतरच गोवर माणसात आला असावा, असे शास्त्रज्ञांचे मत आहे.

रोगाला सरहद्द नसते

गुरांचा रोग बहुधा गुरांबरोबर प्रवास करतो. लष्कराबरोबर, व्यापाऱ्यांबरोबर, बोटीतून आणि आता ट्रकमधून. बुळकांडीने युरोपात शेकडो वर्षे थैमान घातले. अठराव्या शतकाच्या आरंभी इटलीत ही साथ आली, तेव्हा पोपचे वैद्य लान्चिसी यांनी गुरांची ने-आण बंद करण्याचा आणि आजारी जनावरे ठार करून पुरण्याचा सल्ला दिला. १७१४ मध्ये इंग्लंडमध्ये राजाचे शल्यवैद्य थॉमस बेट्स यांनी त्यात एक शहाणपणाची भर घातली. ठार केलेल्या जनावराची भरपाई मालकाला मिळावी, असे त्यांनी सुचवले. पैसे मिळत असतील तरच मालक रोग लपवणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. तीनशे वर्षांनंतरही हा मुद्दा जुना झालेला नाही.

१८८० च्या दशकाच्या अखेरीस बुळकांडी पूर्व आफ्रिकेत शिरली आणि काही वर्षांत थेट दक्षिण टोकापर्यंत पोहोचली. त्या भागातील बहुतेक गोधन नष्ट झाले. बैल गेले म्हणून नांगर थांबले, दूध गेले म्हणून मुले उपाशी राहिली आणि इथिओपियात मोठा दुष्काळ पडला. लाखो माणसे मेली. रोग गुरांचा होता, पण मरण माणसांच्या वाट्याला आले.

१९२० ची घटना तर आपल्याशी संबंधित आहे. भारतातील वशिंडाची गुरे ब्राझीलला नेली जात होती. वाटेत ती बेल्जियममधील अँटवर्प बंदरात उतरली आणि त्यांच्याबरोबर बुळकांडीही उतरली. युरोप हादरला. कोणत्या देशात कोणता रोग आहे हे इतरांना ताबडतोब कळले पाहिजे, हे सर्वांना पटले आणि १९२४ मध्ये २८ देशांनी मिळून पॅरिसला पशुरोगांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन केली. तीच आजची जागतिक पशुआरोग्य संघटना. एका बंदरात उतरलेल्या आजारी गुरांमुळे ही संस्था जन्माला आली. संयुक्त राष्ट्रसंघाची स्थापना त्यानंतर २१ वर्षांनी झाली.

पुण्यापासून सुरुवात

बुळकांडीविरुद्धच्या लढ्यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात ‘इंपिरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ सुरू झाली. गुरांच्या साथींचा अभ्यास हे तिचे मुख्य काम होते. अशा घातक रोगांवरचे प्रयोग भर वस्तीत करणे धोक्याचे, म्हणून १८९३ मध्ये ती हिमालयाच्या कुशीत कुमाऊँमधील मुक्तेश्वरला हलवण्यात आली. हीच संस्था पुढे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था म्हणून नावारूपाला आली. क्षयाच्या जंतूचा शोध लावणारे रॉबर्ट कॉख १८९७ मध्ये मुक्तेश्वरला आले होते. १९२० च्या दशकात तेथेच एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांमध्ये पुन्हा पुन्हा वाढवून सौम्य केला आणि त्यापासून लस तयार केली.

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. त्या सुमारास देशात दरवर्षी हजारो ठिकाणी साथ येत असे आणि सुमारे दोन लाख जनावरे मरत. लस टोचणारे कर्मचारी बर्फाच्या पेट्या घेऊन गावोगाव फिरले. साथी झपाट्याने कमी झाल्या, पण रोग पुरता गेला नाही. कोठेतरी थोडा शिल्लक राही आणि बाजारच्या गुरांबरोबर पुन्हा पसरे. दरम्यान केनियात वॉल्टर प्लाउराइट यांनी प्रयोगशाळेतील पेशींवर वाढवलेली नवी लस १९६० च्या सुमारास सिद्ध केली. ती स्वस्त होती, कोणत्याही जातीच्या जनावराला चालत होती आणि एकदा टोचली की जन्मभर पुरत होती. या कार्याबद्दल प्लाउराइट यांना १९९९ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पुढे याच लसीचा असा प्रकार निघाला, की ती थंड पेटीशिवाय काही आठवडे टिके. त्यामुळे आफ्रिकेतील रस्ते नसलेल्या, धुमसत्या भागांतही गुराख्यांमधूनच तयार केलेले कार्यकर्ते पायी जाऊन लस टोचू शकले.

टोचणे थांबवले, तेव्हा रोग गेला

शेवटचा टप्पा मात्र ऐकायला उलटा वाटतो. लस टोचलेल्या जनावराच्या रक्तात आणि रोग होऊन बऱ्या झालेल्या जनावराच्या रक्तात सारख्याच खुणा सापडतात. त्यामुळे सर्वत्र लस चालू असेल तर विषाणू खरोखरच गेला की लपून बसला आहे, हे कळत नाही. म्हणून ठरलेल्या टप्प्यावर लस बंद करायची आणि डोळ्यांत तेल घालून शोध घ्यायचा, असे धोरण ठरले. १९९० च्या दशकात भारतात हेच झाले. पशुवैद्यक गावोगाव गेले, गुरांच्या वाटा व बाजार तपासले आणि मालकांना विचारत राहिले, ‘तोंडात फोड व जुलाब असलेले जनावर पाहिले का?’ १९९५ नंतर देशात बुळकांडी आढळली नाही. २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त असल्याचे आंतरराष्ट्रीय संघटनेने मान्य केले. जगातील शेवटची साथ २००१ मध्ये केनियात नोंदली गेली आणि मे-जून २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त झाल्याची घोषणा झाली.

याचा अर्थ असा, की लस आवश्यक होती, पण पुरेशी नव्हती. आपल्या गोठ्यातील आजार वेळेवर सांगणारा मालक लसीइतकाच महत्त्वाचा ठरला.

लाळ्या-खुरकूत अधिक चिवट का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बुळकांडी हा भयंकर पण एका अर्थाने ‘सरळ’ शत्रू होता. लाळ्या-खुरकूत तसा नाही. त्याची कारणे चार आहेत.

पहिले कारण विषाणूच्या प्रकारांचे. बुळकांडीचे सर्व विषाणू एकाच लसीला दबत. लाळ्या-खुरकुताच्या विषाणूचे सात प्रकार असून एका प्रकाराची लस दुसऱ्यावर चालत नाही. आपल्या देशात ओ, ए आणि एशिया-१ हे तीन प्रकार आहेत. म्हणून लसीत तिन्ही एकत्र घालावे लागतात.

दुसरे कारण मुदतीचे. बुळकांडीची लस जन्मभराची होती. लाळ्या-खुरकुताची प्रतिकारशक्ती साधारण सहा महिने टिकते. म्हणजे वर्षातून दोनदा, प्रत्येक जनावराला, दरवर्षी टोचायचे. एक फेरी चुकली की कवच फाटले.

तिसरे कारण प्रसाराचे. बुळकांडीसाठी जनावरांचा जवळचा संपर्क लागे. लाळ्या-खुरकुताचा विषाणू लाळेतून, दुधातून, चाऱ्यातून, माणसाच्या चपलांवरून, गाडीच्या चाकांवरून आणि थंड दमट हवेत वाऱ्यावरूनही जातो. १९८१ मध्ये तो फ्रान्सच्या किनाऱ्यावरून समुद्र ओलांडून इंग्लंडच्या वाइट बेटापर्यंत वाऱ्यावर गेला होता. गुरांखेरीज शेळ्या, मेंढ्या, डुकरे आणि रानातील खुरांचे प्राणी यांनाही हा रोग होतो. बऱ्या झालेल्या काही जनावरांच्या घशात विषाणू अनेक महिने टिकून राहतो.

चौथे कारण आपल्या मनाचे. बुळकांडीत जनावर मरत असे, म्हणून लोक धावत. लाळ्या-खुरकुतात मोठे जनावर सहसा मरत नाही. ‘होईल आठ-पंधरा दिवसांत बरे,’ म्हणून आपण गप्प बसतो. पण दुभत्या गाईचे दूध आटते ते पूर्वीइतके परत येत नाही, गाभण जनावर गाभडते, खुरात जखमा झालेला बैल ऐन लावणीत बसून राहतो आणि लहान वासरे हृदयावर परिणाम होऊन अचानक मरतात. नुकसान हळूहळू होते म्हणून ते डोळ्यांत भरत नाही, एवढेच.

देश तितक्या रीती

श्रीमंत देशांनी निवडलेला मार्ग कठोर आहे. रोग दिसला की त्या कळपातील सर्व जनावरे ठार करायची आणि भोवतालच्या भागातील वाहतूक बंद करायची. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकूत शिरला तेव्हा ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. त्यातील बरीचशी निरोगी होती. रोग गेला, पण ग्रामीण भाग खचला. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत बर्लिनजवळच्या म्हशींच्या एका कळपात हा रोग निघाला. त्या देशात तो १९८८ नंतर प्रथमच दिसला होता. म्हणजे पक्की भिंत बांधलेल्या देशांतही फट राहते.

ब्राझीलने दुसरी वाट धरली. अनेक दशके कोट्यवधी गुरांना नेमाने लस टोचली, गुरांच्या वाहतुकीची नोंद ठेवली आणि शेजारच्या देशांबरोबर कार्यक्रम आखला. एकएक प्रांत मुक्त करत मग लसही थांबवली. मे २०२५ मध्ये तो देश लसीशिवाय लाळ्या-खुरकूतमुक्त म्हणून मान्य झाला. ब्राझीलच्या गोधनात मोठा वाटा आपल्याकडून गेलेल्या गुरांच्या वंशजांचा आहे. १९२० मध्ये ज्या देशाकडे जाणाऱ्या गुरांनी बेल्जियममध्ये रोग नेला, त्या देशाने शंभर वर्षांनी हे यश मिळवले.

आपल्याकडे गाय मारण्याचा मार्ग समाज स्वीकारणार नाही आणि दोन-तीन जनावरांवर जगणाऱ्या कुटुंबाला तो परवडणारही नाही. म्हणून लस हाच आपला मुख्य मार्ग. ११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरेत राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाचा आरंभ झाला. सुरुवातीच्या पाच वर्षांसाठी १३,३४३ कोटी रुपयांची तरतूद असलेला हा कार्यक्रम लाळ्या-खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात या दोन रोगांविरुद्ध आहे. २०३० पर्यंत या रोगांचे निर्मूलन करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. जनावराच्या कानात मारला जाणारा बारा आकडी पिवळा बिल्ला याच कामासाठी आहे. बिल्ल्यावरून कोणत्या जनावराला कधी लस दिली हे कळते आणि रोग निघाला तर जनावर कोठून आले याचा माग लागतो. जून २०२४ पासून महाराष्ट्रात बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीस व वाहतुकीस शासनाने मनाई केली आहे.

लम्पीने दिलेला धडा

लम्पी त्वचारोगाची प्रथम नोंद १९२९ मध्ये आफ्रिकेत, आजच्या झांबियात झाली. कित्येक वर्षे तो आफ्रिकेतच होता. पुढे इजिप्त, इस्राएल, तुर्कस्तान असा सरकत तो २०१९ मध्ये बांगलादेशात व ओडिशात पोहोचला. महाराष्ट्रात २०२० मध्ये गडचिरोलीत तो दिसला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यातून त्याची मोठी साथ सुरू झाली. सप्टेंबरात शासनाने संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर केले. गुरांचे बाजार, शर्यती, प्रदर्शने व वाहतूक थांबवण्यात आली. शेळ्यांच्या देवीची लस लम्पीलाही उपयोगी पडते, म्हणून ती एक कोटीहून अधिक गाई-बैलांना मोफत टोचण्यात आली. मेलेल्या गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये साहाय्य जाहीर झाले. थॉमस बेट्स यांचा १७१४ चा सल्ला असा आपल्या गोठ्यापर्यंत आला.

युरोपातील बाल्कन देशांत २०१६ मध्ये लम्पीचे सुमारे साडेसात हजार उद्रेक झाले. तेथील देशांनी एकाच काळात सरसकट लसीकरण केले, तेव्हा २०१७ मध्ये ते चारशेच्या आत आले. एकट्या देशाने, एकट्या गावाने किंवा एकट्या गोठ्याने लस घेऊन भागत नाही. सर्वांनी एकाच वेळी घेतली तर रोगाला जागा उरत नाही, हे त्यातून दिसून आले.

आपल्या गोठ्यात काय करावे?

रत्नागिरी जिल्ह्यात मोठे कळप थोडे. एका दावणीला दोन गाई, एक म्हैस, नांगराची जोडी, असे गोठे अधिक. कोकण कपिला ही आपली गाय लहान चणीची, काटक, पाऊस व उष्मा सोसणारी. पण काटक जनावराला लस नको, हा समज चुकीचा आहे. आपल्याकडे रोग बहुधा तीन वाटांनी येतो. घाट उतरून विकत आणलेल्या बैलांबरोबर, सामाईक चरणीवर, आणि चिखलनांगरणीच्या स्पर्धेसारख्या ठिकाणी अनेक गावांची जनावरे एकत्र आल्यावर. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. लाळ्या-खुरकुताची लस सहा-सहा महिन्यांनी, लम्पीची वर्षातून एकदा आणि घटसर्प व फऱ्या यांची लस पावसाळ्यापूर्वी घ्यावी. लसीनंतर एक-दोन दिवस दूध थोडे कमी होणे किंवा किंचित ताप येणे स्वाभाविक आहे. तेवढ्यासाठी लस नाकारू नये.

२. चार ते आठ महिन्यांच्या गाईच्या पाड्यांना व म्हशीच्या रेडींना सांसर्गिक गर्भपाताची लस एकदाच द्यावी लागते. ते वय उलटू देऊ नये.

३. नवे जनावर आणले की किमान तीन आठवडे वेगळे बांधावे. त्याचे पाणी, पेंड आणि भांडी वेगळी ठेवावीत. घरच्या जनावरांचे काम आधी उरकून मग त्याच्याकडे जावे.

४. तोंडातून लाळेच्या तारा, जिभेवर व खुरांच्या बेचक्यात फोड, लंगडणे किंवा अंगावर गाठी दिसताच जनावर वेगळे करावे, चरायला सोडू नये आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. १९६२ या निःशुल्क क्रमांकावरही फोन करता येतो.

५. लाळ्या-खुरकुताची शंका असल्यास गोठ्याची जमीन व डोणी एक लिटर पाण्यात ४० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून धुवावी. लम्पी चावणाऱ्या माश्या, डास व गोचीड यांच्यामार्फत पसरतो, म्हणून शेण-मूत रोज उचलावे आणि गोठ्याभोवती पाणी साचू देऊ नये.

६. आजारी जनावर घाईने विकू नये. आपले चार पैसे वाचतात, पण ज्या गावात ते जाते तेथील पन्नास गोठे बुडतात. ते फिरून आपल्याच वाडीत येते.

घरातील माणसांसाठी

लम्पी माणसाला होत नाही आणि लाळ्या-खुरकुताची माणसाला लागण होणे अत्यंत दुर्मिळ आहे. त्यामुळे साथीच्या काळात दूध बंद करण्याचे कारण नाही. ते उकळून प्यावे. सांसर्गिक गर्भपात मात्र माणसाला होतो. वारंवार येणारा ताप, रात्री दरदरून घाम, सांधे व कंबर दुखणे ही त्याची लक्षणे. ताप लवकर हटत नसेल तर आपल्या घरी गुरे आहेत, एखादी गाय गाभडली होती, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. गाभडलेले वासरू व वार उघड्या हातांनी उचलू नये. हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी वापरावी आणि चुना टाकून खोल पुरावे. कच्चे दूध, धारोष्ण असले तरी, पिऊ नये.

बुळकांडी घालवायला पुण्यातील प्रयोगशाळेपासून केनियातील शेवटच्या साथीपर्यंत शंभरहून अधिक वर्षे लागली. लाळ्या-खुरकूत अधिक चिवट असला तरी अजिंक्य नाही, हे इतर देशांनी दाखवून दिले आहे. पशुवैद्यक लस घेऊन वाडीवर येतील तेव्हा जनावरे रानात सोडलेली नसावीत, दावणीला बांधलेली असावीत. या कामातला आपला वाटा तेवढ्यापासून सुरू होतो.